शून्यगृहात चारचौघे कशाला?

बडोद्यातल्या दांडिया बाजार आणि आसपासच्या मराठी कुटुंबांचे आमचे एक छोटेसे मंडळ आहे. यंदाच्या गणेशोत्सवात पालकांना वाटण्यासाठी मंडळाने एक पत्रक तयार केले असून त्यात मुलांची झोप, अभ्यास, मोबाइलचा वेळ अशा नेहमीच्या विषयांवर दहा सूचना आहेत. त्यांतल्या नऊ सूचना चहा येण्याआधीच संमत झाल्या. सातव्या सूचनेवर मात्र दोन तास गेले. तिचे शब्द असे आहेत: “हॉरर गेम कोणीही एकट्याने खेळू नयेत, खेळायचेच असतील तर दिवसा आणि चारचौघांत खेळावेत.” निमित्तही तसेच घडले होते. आमच्या गल्लीतला एक अकरा वर्षांचा मुलगा असा एक गेम खेळून इतका घाबरला की पुढचे आठ-दहा दिवस त्याने रात्री खोलीतला दिवा मालवू दिला नाही. ज्येष्ठांचे म्हणणे पडले की हे खेळच विकृत आहेत आणि ते दार लावून एकांतात खेळणे म्हणजे तर कळसच झाला. विशीतली मुले म्हणाली, “काका, गेमच तर आहे, त्यात एवढं काय?” या दोन तासांत एकाही गेमचे नाव कोणी घेतले नाही. नाटकावरून भांडायचे आणि नाटकाचे नाव काढायचे नाही, असा तो प्रकार होता.

मला दोन्ही पक्ष अमान्य आहेत. लहान मुलांच्या हाती हे गेम पडू नयेत, याबाबत मी ज्येष्ठांपेक्षाही कडक आहे. परंतु प्रौढ माणसाने हॉरर गेम खेळायचा असेल तर तो एकट्यानेच खेळावा, कारण चारचौघांत खेळलेला हॉरर गेम हा बहुधा हॉरर गेम उरतच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ‘गेमच तर आहे’ हे उत्तर मला बंदीच्या मागणीइतकेच उथळ वाटते, कारण त्या उत्तरात ज्यांनी हे गेम जीव ओतून घडवले त्यांचा अपमान आहे. (पन्नाशीला आलेला माणूस रात्री गेम खेळतो, हे भर बैठकीत सांगायला मला थोडे धैर्य गोळा करावे लागले, हेही नोंदवून ठेवतो.)

सर्वांत भीतिदायक गेम कोणता, असे तरुणांना विचारले तर खुर्चीवरून किती वेळा उडालो यावर ते क्रम लावतात. अचानक किंचाळी मारून पडदाभर चेहरा येणे, ज्याला ही मुले जंप स्केअर म्हणतात, त्यात मला फारसे कौतुक दिसत नाही. दाराआड लपून ‘भॉ’ करणाऱ्या पोरालाही ते साधते. खरे भय वाट पाहण्यात असते आणि ती वाट पाहायला लावण्याची कला या माध्यमाने स्वतःच्या मर्यादांतून कमावली आहे. १९९६ साली आलेल्या ‘रेसिडेंट एव्हिल’मध्ये एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना पुढची खोली लोड होण्यास वेळ लागे, म्हणून तेवढा वेळ काळ्या पडद्यावर एक दार सावकाश उघडताना दाखवले जाई. यंत्राची ती उणीव होती. खेळणाऱ्याला मात्र प्रत्येक दारापाशी पलीकडे काय असेल हे मनात रचत बसायला मिळे. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मध्ये त्या काळच्या प्लेस्टेशन या खेळयंत्राला अख्खे गाव दूरवर रेखाटणे झेपत नव्हते, म्हणून गावावर धुके पांघरले गेले, आणि ते धुकेच त्या गेमचा प्राण ठरले. त्यात नायकाच्या खिशात एक छोटा रेडिओ असतो. काही अमंगळ जवळ आले की तो खरखरू लागतो. धुक्यात दिसत काहीच नाही, फक्त खिशातली खरखर वाढत जाते. यात एकदाही कोणी किंचाळत नाही आणि तरीही पुढे पाऊल टाकवत नाही, याला कारागिरी नाही तर काय म्हणायचे?

२०१० साली स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्सने ‘अॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ काढला तेव्हा त्यांनी खेळणाऱ्याच्या हातातले शस्त्रच काढून घेतले. अंधारात उभे राहिले की नायकाचे मन ढळू लागते. उजेडात आले तर मागावर असलेला राक्षसी प्राणी आपल्याला पाहतो. आणि आपण त्याच्याकडे टक लावून पाहिले तरीही मन ढळते. म्हणजे अंधारही परवडत नाही, उजेडही परवडत नाही आणि बघणेही परवडत नाही. शिवाय दारे बटण दाबून उघडत नाहीत, माउस धरून आपल्या हाताने इंच इंच ओढावी लागतात. हा गेम जिंकण्यासाठी खेळू नका, असे तो सुरुवातीलाच सांगतो. हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. जिंकण्यासाठी जे खेळायचे नाही, ते चारचौघांत बसून, पैज लावून, कोण आधी घाबरतो ते पाहत खेळता येईल का?

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या जुन्या वाड्याच्या माडीवरच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून मी ‘एलियन: आयसोलेशन’ खेळत होतो. २०१४ चा हा गेम. त्यात आपला माग काढणाऱ्या परग्रहावरच्या प्राण्यामागे संगणकाचे दोन मेंदू आहेत. एकाला आपण कुठे आहोत हे सतत ठाऊक असते, पण तो प्राण्याला आपला नेमका ठावठिकाणा न देता केवळ ‘त्या बाजूला जा’ इतकेच सुचवतो. दुसरा मेंदू खुद्द प्राण्याचा, त्याला आपल्याला डोळ्यांनी आणि कानांनीच शोधावे लागते. त्यामुळे तो नेहमी जवळपास असतो आणि कधी सापडेल ते सांगता येत नाही. मी एका लोखंडी कपाटात लपलो होतो. कपाटाच्या दाराला आडव्या फटी, फटींतून समोरच्या बोळातला लाल दिवा, आणि त्या दिव्याच्या उजेडात हळूच सरकत आलेली ती लांब शेपटी. तो कपाटापाशी येऊन थांबला की मागे रेलून श्वास रोखून धरावा लागतो, त्यासाठी बटणे आहेत. ती मी दाबून धरली होती. तो गेला, मी बटणे सोडली, आणि छातीत कळ आली तेव्हा लक्षात आले की जिच्या रूपाने मी खेळत होतो त्या गेममधल्या बाईबरोबर मीही श्वास रोखला होता. नेमक्या त्या क्षणी दार उघडून सौभाग्यवतींनी विचारले, “दुधाच्या पिशव्या फ्रिजमध्ये ठेवल्यात का?” भीती जी गेली ती त्या रात्री परत आली नाही. प्राणी तोच, बोळ तोच, लाल दिवा तोच. पण मी आता दुधाच्या पिशव्या विसरलेला गृहस्थ होतो.

या अनुभवाचे शास्त्र आपल्याच गावात छापून पडले आहे, हे मी बैठकीत सांगितले तेव्हा काही भुवया वर गेल्या. भरताचे नाट्यशास्त्र अभिनवगुप्तांच्या ‘अभिनवभारती’ टीकेसह प्रसिद्ध होण्यास सुरुवात झाली ती १९२६ साली, इथल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत. भयानक रसाची कारणे सांगताना भरत म्हणतो: विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, कोल्ही आणि घुबडे, अरण्यात जाणे, शून्यागारात जाणे. शून्यागार म्हणजे ओसाड घर. गेल्या तीस वर्षांतल्या हॉरर गेमची कच्ची यादीच ही. पुढच्या कारिकेत, म्हणजे श्लोकात, तो आणखी एक कारण देतो: गुरू आणि राजा यांचा अपराध घडणे. ते वाचताना मला तैवानच्या ‘डिटेन्शन’ या २०१७ च्या गेमची आठवण होते. १९६० च्या दशकातले, लष्करी कायद्याखालचे तैवान, डोंगरातली एक शाळा, बंदी घातलेली पुस्तके चोरून वाचणारे विद्यार्थी आणि शिक्षक. त्यात भुते आहेत, पण भुतांहून अधिक भय कोणीतरी आपले नाव सरकारला कळवील याचे आहे. हा गेम मी दोन रात्रींत संपवला आणि नंतर कित्येक दिवस तैवानचा इतिहास वाचत होतो. ‘विकृत’ हा शब्द सर्रास वापरणाऱ्यांनी तो एकदा तरी खेळून पाहावा.

मात्र माझ्या या नाट्यशास्त्री बाण्याला सर्वांत जोरकस उत्तर दिले ते मंडळातल्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी, आणि ते उत्तर टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणाले, “अभिनवगुप्तांनी भयानकाचं उदाहरण कोणतं घेतलं आहे, आठवतं ना? शाकुंतलातलं हरीण. मान वळवून वळवून मागच्या रथाकडे बघत पळणारं. ते बघताना ‘मी भ्यालो’ असंही वाटत नाही आणि ‘हा भ्यालाय’ असंही वाटत नाही, भीती कुणा एकाची राहतच नाही, म्हणून तो रस. तुमच्या गेममध्ये तर आपणच हरीण व्हायचं असतं. मग तो रस कसला, ती निव्वळ भीती झाली.” हा आक्षेप वरवरचा नाही. प्रेक्षक आणि खेळणारा यांच्यात फरक आहेच. सिनेमातले पात्र तळघराचा जिना उतरते तेव्हा आपण ‘अरे, नको जाऊस’ म्हणतो. गेममध्ये आपण उतरल्याशिवाय कोणी उतरत नाही. हे कर्तृत्व आपल्या गळ्यात पडते, आणि म्हणूनच हॉरर गेमची भीती सिनेमाच्या भीतीपेक्षा अंगाला जास्त लागते, हे मी निर्विवाद मान्य करतो.

पण ती निव्वळ भीती असते का? २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि मगरी वस्त्यांत शिरल्या, ते दिवस बडोद्यात कोणी विसरलेले नाही. ज्याच्या अंगणात मगर निघाली, तो दुसऱ्या रात्री दिवे मालवून पुन्हा अंगणात जाऊन बसला नाही. निव्वळ भीती माणसाला पळवते. गेम खेळणारा दुसऱ्या रात्री त्याच कपाटात परत जातो, आपल्या हाताने हेडफोन चढवतो, आपल्या हाताने दिवा मालवतो. हरिणाला रथ थांबवण्याचे बटण नसते, खेळणाऱ्याला असते, आणि तरीही तो ते दाबत नाही. ‘मी भ्यालो’ यातला ‘मी’ इथे दुभंगलेला असतो: बोटे माझी असतात, जीव मात्र दुसऱ्या कोणाचा तरी पणाला लागलेला असतो. गुरुजींच्या कसोटीला हा शंभर नंबरी रस उतरत नाही, हे मी सोडून देतो. पण भरताने त्याच कारिकेत ‘कृतक’ भयालाही जागा ठेवली आहे, घडवलेल्या भयाला, आणि घडवलेले भय ओळखून त्यात पाऊल टाकणारा माणूस मगरीपासून पळणाऱ्या माणसासारखा नसतो.

शिवाय त्याच अभिनवगुप्तांनी रसाची विघ्नेही सांगितली आहेत. त्यांतले एक म्हणजे प्रेक्षक आपल्या स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेला असणे. चारचौघांत हॉरर गेम खेळणाऱ्याचे नेमके हेच होते. आपण किती घाबरलो दिसतो, मित्र हसतील का, आपली किंचाळी फार मोठी तर नाही झाली ना, याच हिशेबात तो अडकतो. धुके आणि रेडिओ बाजूला पडतात आणि केंद्रस्थानी तो स्वतः येतो. मी कपाटातून बाहेर पडून दुधाच्या पिशव्यांत आलो, तसाच. यूट्यूबवर हॉरर गेम खेळून दाखवणारे जे स्ट्रीमर लोकप्रिय आहेत, त्यांचा प्रेक्षक गेम पाहतच नसतो, तो घाबरणारा चेहरा पाहत असतो. त्यात मजा आहे, नाही असे नाही. पण ती हास्याची मजा आहे. २०२० चा ‘फॅस्मोफोबिया’ हा भुतांचा शोध घेण्याचा गेम चौघांनी मिळून खेळण्यासाठीच रचला आहे आणि उत्तम रचला आहे, हे मी मान्य करतो. पण त्यातही काही भुते माणूस एकटा सापडल्यावरच उत्तर देतात, आणि खेळाचा सर्वांत ताणलेला क्षण ‘तू आत जा, आम्ही गाडीत थांबतो’ असे बाकीचे म्हणतात तोच असतो. मिळून खेळण्याच्या गेमलाही भीतीसाठी शेवटी एकाला एकटे पाडावे लागते.

बैठकीत एका मावशींनी आजीच्या गोष्टींचा दाखला दिला. आपल्याकडे भुताच्या गोष्टी नेहमी घोळक्यात ऐकल्या जात, गोधडीत चार पोरे एकमेकांना चिकटून, म्हणून त्यांनी कोणाचे वाईट झाले नाही, असे त्यांचे म्हणणे. मुद्दा गोड आहे आणि अर्धा खरा आहे. पण गोष्ट संपल्यावर काय होत असे? आमच्या वाड्यात संडास परसात होता. आजीची हडळ गोधडीत हसू आणणारी होती. ती खरी झाली ती मध्यरात्री, कंदील हातात घेऊन चौक ओलांडताना, विहिरीच्या कठड्याकडे न बघण्याचा निश्चय करताना. गोष्ट ऐकली घोळक्यात, पण भोगली एकट्याने. आणि परत आल्यावर अंथरुणात शिरताना जो एक छोटासा पराक्रम केल्यासारखे वाटे, तोही एकट्याचाच होता. हॉरर गेमने त्या चौकाची सोय परत केली आहे, एवढेच. फ्लॅटमध्ये संडास खोलीला जोडून आला तेव्हापासून ती गेली होती.

एकांताबद्दलचा हा संशय नवा नाही, आणि बडोद्याने तरी तो बाळगू नये. पोथी एकाने वाचायची आणि दहांनी ऐकायची, कीर्तन देवळात सर्वांनी मिळून ऐकायचे, अशा समाजात पुस्तक घेऊन कोपऱ्यात एकटा बसणारा माणूस एके काळी विचित्रच वाटला असणार. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून इथे ग्रंथालयांचे जाळे उभे केले, गावोगाव फिरत्या ग्रंथपेट्या पाठवल्या, त्या कशासाठी? माणसाने पुस्तक घरी न्यावे आणि आपल्या दिव्याखाली एकट्याने वाचावे, यासाठीच ना? मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या फरशीवरून चालताना मला नेहमी वाटते की एकट्याने वाचणाऱ्यांचे हे देऊळ आहे. गेमला पुस्तकाची प्रतिष्ठा नाही, मान्य. पण ‘एकटा बसतो म्हणजे काहीतरी बिघडले’ हा तर्क पुस्तकाला लागू नसेल तर गेमला का लागू व्हावा?

आता मुलांविषयी, कारण पत्रक त्यांच्यासाठी आहे. इथे मी कोणताही आडपडदा ठेवत नाही. ‘आउटलास्ट’ किंवा ‘रेसिडेंट एव्हिल ७’ यांसारखे गेम लहानांसाठी नाहीतच; अमेरिकेतील मानांकन संस्थेने ते १७ वर्षांवरील वयासाठी ठरवले आहेत. ते मानांकन आले तेही अशाच एका गदारोळातून. १९९३ साली ‘मॉर्टल काँबॅट’ आणि ‘नाइट ट्रॅप’ या गेमवरून अमेरिकी सिनेटपुढे सुनावण्या झाल्या आणि पुढच्या वर्षी, बंदीऐवजी, प्रत्येक खोक्यावर वय छापण्याची व्यवस्था उभी राहिली. आपल्याकडे गदारोळाला फाटे वेगळे फुटतात. २०१७ मध्ये मुलांना आत्महत्येकडे ढकलतो असे म्हटल्या गेलेल्या ‘ब्लू व्हेल’ या ऑनलाइन खेळाचा हाहाकार झाला, केंद्र सरकारने दुवे काढण्याचे आदेश दिले, शाळाशाळांत सूचना गेल्या, आणि जानेवारी २०१८ मध्ये संसदेत सांगण्यात आले की तपासलेल्या घटनांत त्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही. मार्च २०१९ मध्ये आपल्याच राज्यात, राजकोटला, पबजी खेळल्याबद्दल तरुणांना अटक झाली. पबजी हा तर चौघांचे पथक करूनही खेळता येणारा गेम. म्हणजे तेव्हा चारचौघांत खेळणे हा गुन्हा होता आणि आज आमच्या पत्रकात तोच उपाय म्हणून लिहिला आहे.

आणि गल्लीतला तो अकरा वर्षांचा मुलगा? त्याच्या आईला मी सविस्तर विचारले. तो एकटा नव्हता. रात्रही नव्हती. मे महिन्याच्या दुपारी, मित्राच्या घरी, पाच मुलांनी एका फोनवर तो गेम पैजेवर खेळला. जो डोळे मिटेल त्याने सर्वांना कुल्फी द्यायची, असे ठरले होते. त्याने कुल्फी वाचवण्यासाठी डोळे मिटले नाहीत. एकटा असता तर त्याने पहिल्या मिनिटाला फोन खाली ठेवला असता, असे तो स्वतःच आईला म्हणाला. आपल्या सातव्या सूचनेने सुचवलेली सगळी पथ्ये त्या दुपारी तंतोतंत पाळली गेली होती: उजेड होता आणि चारचौघे होते. राहिले होते ते फक्त गेमच्या पानावर छापलेले वय पाहणे. २०१५ पासून गुगल प्लेवर प्रत्येक गेमपाशी तो आकडा असतो. तो वाचायला चष्मा लागतो, एवढीच काय ती अडचण.

प्रौढांतही काहींनी एकट्याने हे गेम खेळू नयेत, हे मी आपणहून सांगतो. ज्याला झोपेचा आजार आहे, हृदयाचा त्रास आहे, ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे किंवा जो आधीच माणसांतून उठून गेला आहे, त्याने शून्यगृहाची वाट धरू नये; त्याला सोबतीची गरज आहे, आणि ती गेमसाठी नव्हे. डोळ्यांना व्हीआरचा, म्हणजे चहूबाजूंनी आभासी जग दाखवणारा, चष्मा बांधून खेळण्याच्या प्रकारापाशी मी स्वतः थांबलो. ‘रेसिडेंट एव्हिल ७’ तसा खेळता येतो. भाच्याकडे मी तो दहा मिनिटे खेळलो आणि चष्मा उतरवून टाकला, कारण तिथे मान वळवली तरी घर तेच राहते आणि माझा ‘दुभंगलेला मी’ एकच होऊन बसतो. गुरुजींचा आक्षेप तिथे पुष्कळसा खरा ठरतो. हे मी त्यांना फोन करून सांगितले. ते खूश झाले आणि व्हीआर म्हणजे काय ते विचारू लागले.

सातव्या सूचनेला मी लेखी दुरुस्ती दिली आहे. ‘कोणीही एकट्याने खेळू नयेत’ हे शब्द गाळावेत आणि त्या जागी ‘१८ वर्षांखालील मुलांना खेळू देऊ नयेत, इतर गेमवरील वय पाहून मगच फोन द्यावा’ असे घालावे, आणि ‘खेळायचेच असतील तर दिवसा आणि चारचौघांत खेळावेत’ हा भाग तर समूळ काढून टाकावा. विशीतल्या पक्षाने पाठिंबा दिला, ज्येष्ठांनी पत्रकाचे प्रूफ रोखून धरले. पुढच्या बैठकीत मंडपवाल्याच्या आगाऊ रकमेचा विषय संपल्यावर त्यावर मत घेतले जाईल.